गणिताच्या पानावरचा जेसीबी

"बाई, नमस्कार. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, घर मंगळवार पेठेत. लेक आठ वर्षांची, तिसरीला. हिला चित्रं काढायचा भारी नाद होता. आता कागद दिला की तोच देखावा काढते. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, कल्पनाशक्ती कमी पडते, घरी विषय देऊन चित्रं काढून घ्या. म्हणून मोबाइलवरनं शंभर विषयांची यादी उतरवून घेतली. रोज संध्याकाळी एक चिठ्ठी उचलायची आणि चित्र पूर्ण झालं की दहा रुपये. आठवडाभर बरं चाललं. परवा 'मी अंतराळात गेले तर' अशी चिठ्ठी निघाली, तर अर्धा तास पेन्सिल चावत बसली आणि म्हणाली, 'पप्पा, मला येत नाही, तुम्ही काढून द्या.' मी काढून दिलं की रंगवते छान. हिला क्लास लावू का? की हिच्यात ते नाहीच? सोबत तीन कागद पाठवतोय. तिसऱ्याकडे लक्ष देऊ नका, ते गणिताच्या वहीतलं पान आहे, घाईत आत आलंय."
– एक बाप, मंगळवार पेठ, कोल्हापूर

दादा, नमस्कार.

लक्ष देऊ नका म्हणालात, म्हणून आधी तोच कागद उचलला. 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलं जे पान हाताखाली झाकतात ते आधी बघायचं, ही खोड आता काही जायची नाही.

चौकटीच्या वहीचं पान. वर सातचा पाढा, सात सक बेचाळीसपर्यंत येऊन थांबलेला. तिथून खाली सगळा जेसीबी. त्याचा पंजा केबिनपेक्षा मोठा, दात मोजून पाच. केबिनच्या खिडकीत ड्रायव्हर, गळ्यात टॉवेल. रस्ता म्हणजे एक रेघ, आणि त्या रेघेखाली जमीन कलिंगड कापून ठेवावं तशी उघडी. आत माती, गोटे आणि एक आडवा जाड पाइप, पाइपात पाणी. मातीच्या ढिगावर कुत्रं चढलंय. कडेला दोन घागरी घेऊन एक बाई, तोंड वाकडं केलेली, म्हणजे नळाला पाणी नाही. आणि कोपऱ्यात चार माणसं. ती काही करत नाहीत, नुसती बघतायत. तिथं मी एकटीच मोठ्यानं हसले. गल्लीत जेसीबी आलाय आणि बघायला चार जण थांबले नाहीत, असं आपल्याकडं कधी झालंय का?

आणि तुम्ही मला विचारताय, हिच्यात ते नाहीच का.

जमिनीखालचा पाइप बाहेरनं दिसेल कसा, असं एखादा मोठा माणूस म्हणेल. तिला तो तिथं आहे हे माहीत आहे, म्हणून तिनं तो काढला. या वयात डोळ्याला दिसतं त्यापेक्षा मनाला माहीत असतं ते कागदावर जास्त उतरतं. पंजा मोठा, कारण सगळी मजा पंजात आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे एक कलाशिक्षक होते, मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढं अमेरिकेत शिकवायचे. मुलांची चित्रं वयाबरोबर कशी बदलत जातात त्याच्या पायऱ्या त्यांनी 1947 साली मांडल्या. त्यांच्या हिशेबानं साधारण सात ते नऊ या वयात मूल प्रत्येक गोष्टीचा एक साचा ठरवून टाकतं. माणूस असा, झाड असं, घर असं, खाली जमिनीची रेघ आणि वर आभाळाची निळी पट्टी. तो साचा हातात बसेपर्यंत ते पुन्हा पुन्हा गिरवतं. तुम्ही नवीन पोरगं लेथवर घेतलं की त्याच्याकडनं महिनाभर एकच बुश काढून घेत असाल, तसंच हे. देखावा परत परत येतोय यात दुखणं काही नाही. साचा मोडायला काहीतरी अंगावर यावं लागतं. गल्ली खोदली, पाणी बंद झालं, बाया वैतागल्या, कुत्रं ढिगावर चढलं, आणि मोडला साचा. तो कुणाच्या चिठ्ठीनं मोडला नाही, एवढं मात्र लक्षात घ्या.

जेसीबी म्हणजे काय चित्र, असं तुम्हाला का वाटलं हेही मला कळेना. यंत्रांत वाढलेली पोर आहे, यंत्रच काढणार. बाबूराव पेंटर याच गावातले. पडदे रंगवायचे, चित्रं काढायचे आणि सिनेमा करायचा म्हटल्यावर कॅमेराही स्वतः घडवला. ब्रश आणि पाना एका हातात धरलेला माणूस कोल्हापूरला नवा नाही.

देखाव्याशी माझं वैर नाही. तक्रार एवढीच की तो तिचा नाही. कुणीतरी कधीतरी एकदा काढला आणि सगळ्या महाराष्ट्रानं गिरवला. आपल्याकडनं पन्हाळा बघा, माथा सपाट, पट्टी ठेवून कापल्यासारखा. दोन टोकदार डोंगरांच्या खाचेतनं उगवणारा सूर्य मंगळवार पेठेत कुणी बघितलाय? आणि गावाबाहेर पडलं की नारळ दिसतो का ऊस? चित्रकार आबालाल रहिमान 1931 मध्ये गेले. त्यांनीही कोटितीर्थाचं तळं, रंकाळा, पंचगंगेचा काठ हेच रंगवलं, घरापासनं चालत जाण्याइतकं जवळचं. तेही देखावेच की. पण काठावर बसून, त्या दिवसाच्या उजेडात बघितलेले. लेकीला एकदा संध्याकाळी रंकाळ्यावर न्या आणि विचारा, पाण्याचा रंग कुठला. निळा म्हणाली तर परत बघायला सांगा. एवढं पुरे.

आता तुमची यादी.

तुम्ही रोज ड्रॉइंग वाचणारे, म्हणून तुमच्याच धंद्यातलं सांगते. जॉबचं ड्रॉइंग येतं तेव्हा उत्तर त्यात आधीच असतं. व्यास इतका, लांबी इतकी, इकडंतिकडं चालेल ते इतकंच. तुमचं काम ते उत्तर लोखंडात उतरवायचं. 'मी अंतराळात गेले तर' ही चिठ्ठी दिसायला प्रश्न आहे, पण आतनं ती जॉबचं ड्रॉइंगच आहे. रॉकेट, काचेचं हेल्मेट, चांदण्या, कडं घातलेला ग्रह. तुमच्या डोक्यात हे तयार आहे, कार्टूनमध्ये हेच असतं, आणि आपल्याला नेमकं हेच जमायला पाहिजे हे तिनं बरोबर ओळखलंय. म्हणून ती पेन्सिल तुमच्या हातात देते. याला आळस म्हणू नका. पोरगी हिशेबी आहे. उत्तर ज्याच्याकडं, त्यानंच काढावं.

ही चूक मी स्वतः वर्षानुवर्षं केली. दर वर्षी फळ्यावर 'माझी आई' असा विषय लिहायचे, आणि पन्नास कागदांवर एकच आई यायची. अंबाडा, पदर, चुलीवर भाकरी. त्यातल्या निम्म्या आया ड्रेस घालत होत्या आणि चूल तर कुणाच्याच घरात नव्हती. एका वर्षी पावसाळी दुपारी कंटाळून मी लिहिलं, 'आईच्या पिशवीत काय काय असतं?' वर्ग दोन मिनिटं गप्प झाला. एक पोरगा म्हणाला, "बाई, खरं खरं काढायचं?" म्हटलं, खरं काढ. त्या दिवशीचे कागद मी अजून ठेवलेत. एकीनं गजऱ्याचा वाळका दोरा, किल्ल्या आणि गोळ्यांची पट्टी काढली, त्यातल्या दोन गोळ्या संपलेल्या. एकानं केएमटीची, म्हणजे आपल्या शहर बसची, नऊ तिकिटं काढली, प्रत्येकाला वेगळी घडी. एकाची आई भाजी विकायला बसायची. त्यानं पिशवीत पिशवी काढली, त्या पिशवीत आणखी पिशवी, आणि सगळ्यात आत एक लिंबू. तो पोरगा चित्रकलेत ढ म्हणून माझ्या वहीत नोंदलेला होता.

तेव्हापासनं माझं ठरलं. ज्या विषयाचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे, तो विषय पोरांना द्यायचा नाही. त्या पिशवीत काय आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं. चित्र काढताना शहाणं कोण, हे त्या एका विषयानं उलटं करून टाकलं.

म्हणजे विषय यादीतनं काढायचा नाही, तिच्या दिवसातनं काढायचा. समजा रविवारी रात्री तिला घेऊन गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलात. घरी आल्यावर 'म्हशीचं चित्र काढ' म्हणालात, तर म्हैस येईल, पुस्तकातली. त्याआधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारा.

"म्हैस तुझ्यापेक्षा उंच होती का गं?"
"लय उंच."
"मग तुला तिचं काय दिसत होतं?"
"पोट. आणि ते काका खाली बसलेले."
"शेपूट कुठं होती?"
"काकांच्या डोक्यावर! टोपी पाडली तिनं."
"आणि तू?"
"मी तुमच्या मागं."

आता कागद पुढं सरकवा आणि उठून जा. विषय तयार झाला. 'म्हशीनं काकांची टोपी पाडली तेव्हा मी पप्पांच्या मागं होते.' त्यात ती स्वतः आहे, काहीतरी घडतंय आणि जागा पक्की आहे. लोवेनफेल्डही विषयात हेच बघायचे. मूल स्वतः त्यात असावं, अंगानं काहीतरी करत असावं, कुठं आणि कधी हे त्याला ठाऊक असावं. मग म्हैस कागदात मावत नाही म्हणून ती दुसरा कागद जोडायला मागेल. द्या. डिंकानं चिकटवलेल्या दोन कागदांची म्हैस मी बघितली आहे, आणि ती जगात भारी असते.

अनुभवातले विषय थोडे मुरले की अडचणीचे द्यायचे. हे माझे आवडते. पाऊस पडतोय, छत्री एक, माणसं पाच आणि एक शेळी, सगळ्यांना छत्रीखाली घ्या. पैलवानाला गदा घेऊन केएमटीत चढायचंय आणि बसला गर्दी आहे. आषाढात नदीचं नवं पाणी घेऊन टेंबलाईच्या देवळाला जाताना पी ढबाक वाजतं, तो आवाज रंगात काढायचा, माणूस एकही नाही. बेंदराच्या सणाचा मातीचा बैल रात्री फळीवरनं खाली उतरला, कुठं गेला असेल? अडचण आली की मुलाचं लक्ष 'मला येतं का' यावरनं उठतं आणि 'आता हे बसवायचं कसं' यावर जातं. तुम्ही वर्कशॉपमध्ये दिवसभर दुसरं काय करता?

आणि नंदीचा विषय मी तर कितीदा दिला. रंकाळ्याकाठचा नंदी गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तो तळ्यात पोहोचला की जगबुडी, ही गोष्ट आपल्या घराघरात सांगतात. मी एवढंच विचारायचे की पोहोचला, मग? वाटलं होतं लाटा येतील, विजा येतील. बऱ्याच कागदांवर आल्याही. एका पोरीनं मात्र नंदीला चौपाटीवर भेळेच्या गाडीपुढं रांगेत उभं केलं होतं. एवढी वर्षं चालून दमला होता म्हणे.

कधी बोलायलाही काही नसेल, तर विषयच नको, कागदावर एक वाकडी रेघ मारून द्या आणि पुढं तू म्हणा. सर्जनशीलता मोजायच्या कसोट्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ई. पॉल टॉरन्स यांनी 1966 पासनं अशाच अर्धवट आकृत्या वापरल्या. तुम्हाला काही मोजायचं नाही, खेळायचं आहे. तुमच्याकडं तर याहून चांगला माल पडलेला असतो. वेगवेगळ्या मापाचे डझनभर वायसर धुऊन घरी आणा. कागदावर ठेवून आतबाहेर गिरवायचे आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं करायचं. पहिले तीन चाक, सूर्य, डोळा असेच येणार. सातव्यापासनं पोरगी डोकं खाजवायला लागेल, आणि बघण्यासारखं जे काय असतं ते तिथनं पुढं. तेव्हा सहाव्यालाच 'वा वा, झालं' म्हणून कागद उचलू नका.

हे सगळं रोज नको हं. रोज चिठ्ठी म्हणजे हजेरी झाली. आठवड्यात दोनदा खूप. बाकीचे दिवस तिला गणिताच्या वहीची मागची पानं आहेतच. आणि एक दिवस उलटा ठेवा. विषय तिनं द्यायचा, काढायचं तुम्ही. मला येत नाही म्हणून पळ काढायचा नाही. बापाला जमेना झालंय आणि तरी तो काढतोय, हे तिला एकदा बघू दे.

काढून देणं मात्र आजपासनं बंद. मी चौथीत असताना साळुंकी काढली होती. आमच्या तेव्हाच्या शिक्षकांनी प्रेमानंच, लाल पेनानं, चोच नीट करून दिली. चोच सुंदर होती. पण त्या पानावर नंतर मला हात लावावासा वाटला नाही, रंगवलंही नाही. साठी उलटली तरी ती लाल चोच आठवते, यावरनं समजा. लेक म्हणाली 'येत नाही', तर 'येतं गं तुला' असंही म्हणू नका, कारण तिला खरंच काहीतरी अडलंय. कुठं अडलंय ते विचारा. बहुतेक वेळा एखादा पाय, हात, वळण असतं. घोड्याचा पाय अडला तर तिला घोडा करा, हात टेकून चालू दे खोलीभर, गुडघा कुठं वाकतो ते तिचं तिला कळेल. सायकल अडली तर दारातली सायकल दाखवा. मोबाइलवर सायकलचं चित्र काढून दाखवू नका, ती मग तेच उतरवेल.

चित्र झाल्यावर 'हे काय आहे?' असं विचारलं की मुलाला वाटतं, ओळखू आलं नाही म्हणजे चुकलं. त्यापेक्षा 'इथं काय चाललंय?' म्हणा. 'छान' हा शब्द मी वर्गात फारसा वापरत नसे. दिसलं ते बोलायचे. 'ड्रायव्हरच्या गळ्यात टॉवेल आहे की' म्हटलं की पोरगं फुलतं. कुणीतरी बघितलं, याच्याइतकी शाबासकी दुसरी नाही.

आता दहा रुपये. रागवू नका, पण लेकीला पीसरेटवर, नगामागं मजुरीवर लावलंत तुम्ही. 1973 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड आधीपासनं असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी बालवाडीत ते स्केचपेन नुसते खेळायला ठेवले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या मानानं जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. म्हणजे आवडीचं काम झालं आणि कामाला मजुरी लागली. तुमच्याकडंही आठवडाभरच बरं चाललं म्हणता ना? एकदम बंद केलेत तर भांडेल. सरळ सांगा, पप्पांचा हिशेब चुकला. त्या पैशांचे तेलखडू आणा आणि विषय संपवा.

क्लासचं विचारलंत. आत्ता नको. क्लास वाईट असतात असं नाही, माझेच काही विद्यार्थी उत्तम क्लास चालवतात. पण आधी जाऊन अर्धा तास मागं उभं राहून बघा. भिंतीवर पंधरा मुलांचे पंधरा मोर एकसारखे असतील, तर परत या. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो. मुलांनी डोळ्यांनी बघून मनात साठवलेलं काढावं म्हणून तो पेपर. आणि होतं काय, तर मुलं क्लासमधनं बाजार, बसस्टॉप, जत्रा अशी दहाएक चित्रं पाठ करून जातात. स्मरणचित्र खरंच, पण क्लासच्या फळ्याचं. तिची एलिमेंटरी अजून चार-पाच वर्षं लांब आहे. नऊ-दहाच्या पुढं तिला स्वतःलाच वाटायला लागेल की आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही, तेव्हा ती शिकवा म्हणून मागं लागेल. त्या वेळी चांगला शिक्षक लागतो, तेव्हा मला परत पत्र लिहा.

एक गोष्ट सांभाळा, कारण यात मी स्वतः पोळले आहे. 2019 च्या पुरानंतर शाळा सुरू झाल्यावर मी उत्साहानं 'पूर' हा विषय दिला. सगळ्यांनी बोटी, जवान, हेलिकॉप्टर काढलं. नदीकडेला राहणाऱ्या एका पोरानं अख्खा कागद तपकिरी रंगवला, खडू मोडेपर्यंत. म्हटलं, काय काढलंस? म्हणाला, घर. कुठं आहे? म्हणाला, आत. अनुभवातनं विषय काढा असं मी वर एवढं सांगितलं, पण कुठला अनुभव अजून ओला आहे ते आधी चाचपायचं असतं. मी चाचपलं नव्हतं. त्या कागदावर मी शेरा दिला नाही, तो त्याच्याकडंच ठेवू दिला.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. महागाची ड्रॉइंग वही आणलीत की मूल जपून काढतं, आणि जपून काढलं की देखावा येतो. ओळखीच्या छापखान्यातनं कातरण आणा, तुमच्या बिलांचे पाठकोरे कागद द्या, लग्नपत्रिकांचे कोरे भाग द्या. पट्टी आणि खोडरबर थोडे दिवस उंच फळीवर. शाळेतल्या मॅडमवर डाफरायला जाऊ नका, साठ मुलांच्या वर्गात त्यांना जमतं तेवढं त्या करतात. जमलं तर हे जेसीबीचं पान त्यांना दाखवा, पण लेकीला विचारून. ते तिचं आहे. मला पाठवताना विचारलं नव्हतं ना? घाईत आलं म्हणालात, त्यावरनं वाटलंच. म्हणून ते मी परत पाठवतेय, पाकिटात पुठ्ठा घालून. सातचा पाढा तेवढा पूर्ण करून घ्या.

आणि त्या कोपऱ्यातल्या चौघांपैकी तिघांचे हात मागं बांधलेले आहेत. चौथा खड्ड्यात वाकून बघतोय, त्याच्या हातात काहीतरी लांबोडकं आहे. काठी म्हणावी तर टोकाला गोल आहे, पाना म्हणावा तर फार मोठा. मी भिंग लावून बघितलं, कळलं नाही. तिला विचारा, बाईंनी विचारलंय म्हणून सांगा, आणि मला दोन ओळी कळवा.

– तुमची बाई